स्क्रीन रीडर मोफत, मग कुलूप कोणाचे?

शीळफाट्याच्या चाळींत अंध विद्यार्थ्यांसाठी स्क्रीन रीडर मागितला की आम्हाला एकच उत्तर मिळते : ‘सॉफ्टवेअर महाग आहे.’ ‘जॉज’ महाग आहे, खरेच. पण मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतले. ते आजही मोफत आहे, मराठीही वाचते. मग अडते कुठे? शिष्यवृत्तीचे परिपत्रक स्कॅन करून टाकतात. ते चित्र, तिथे स्क्रीन रीडर गप्प. नोट्स युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. त्याचे नुसते गिचमिड ऐकू येते.

महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. सरकारी माहिती दिव्यांगांना वाचता येईल अशीच द्या, असे सांगणारा २०१६ चा कायदाही त्या ठरावासारखाच कागदावर पडून आहे. किंमत हे निमित्त, बहिष्कार जुनाच.

बोट स्वतःकडेही वळवू. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, पण विहारातल्या संगणकावर एनव्हीडीए नसते. काठ्या वाटून फोटो काढणे पुरे. प्रत्येक विहारात एक बोलता संगणक आणि प्रत्येक परिपत्रक युनिकोडमध्ये हवे. आम्ही दया मागत नाही, वाचण्याचा हक्क मागतो.

जय भीम!