विश्लेषण : पेरूचे जेवण मुंबईत पोहोचले, सातपुड्याचे का नाही?

शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत गेलेली नंदुरबारची मुले आता मित्रांबरोबर जपानी, कोरियन आणि अधूनमधून पेरूचे जेवणही जेवतात. पेरू म्हणजे फळ नव्हे, दक्षिण अमेरिकेतला देश. प्रसिद्ध शेफ अतुल कोच्छर यांनी काही वर्षांपूर्वी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात त्या देशाच्या राजधानीचेच, ‘लिमा’ हे नाव देऊन रेस्तराँ काढले होते. साडेतीन कोटींच्या आसपास लोकसंख्येचा एक देश आपले जेवण जगभर नेऊ शकतो, आणि सातपुड्याचे ताट मात्र धडगाव-मोलगीच्या घाटाखालीही फारसे उतरत नाही. असे का?

तिथे नेमके काय खायला मिळते?

सर्वांत प्रसिद्ध पदार्थ सेविचे. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवायचे, त्यात कांदा, मिरची आणि मीठ, सोबत रताळे आणि मक्याचे दाणे. चुलीचा संबंध नाही. मासा ‘शिजतो’ तो लिंबाच्या आंबटपणाने. शाकाहाऱ्यांसाठी काउसा असतो, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात लिंबू आणि पिवळी मिरची घालून केलेले थर. लोमो साल्तादो ही मांसाची परतलेली भाजी. तिच्यात सोया सॉस येतो, कारण एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या चिनी लोकांनी आपली कढई सोबत नेली होती. तीच भाजी भात आणि तळलेल्या बटाट्यांबरोबर खातात. भारतातल्या रेस्तराँमध्ये गोमांसाऐवजी बहुधा कोंबडी वापरतात. लिमामध्ये यातले बरेचसे पदार्थ साध्या खाणावळीत मिळतात. आपल्याकडे आले की त्यांची बशी मोठी होते आणि घास लहान.

यात आपल्याला परके किती?

फारसे नाही. बटाटा मूळचा त्याच अँडीज पर्वतातला. तिथे त्याचे चार हजारांहून अधिक स्थानिक वाण आहेत आणि आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्रही लिमामध्येच आहे. मिरचीही अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली. नंदुरबारची लाल मिरची ज्या जातीची, ती मेक्सिकोकडची. पेरूच्या स्वयंपाकाचा कणा असलेली पिवळी ‘आही आमारियो’ तिची चुलत बहीण म्हणावी अशी. शहादा परिसरातली पपई आणि धडगावचा मका हेही त्याच खंडातले पाहुणे. (आपण ज्याला पेरू म्हणतो ते फळही अमेरिकेतलेच, पण त्याचे नाव त्या देशावरून नव्हे, तर नासपतीसाठीच्या ‘पेरा’ या पोर्तुगीज शब्दावरून आले असे मानतात.)

मग पेरूने काय वेगळे केले?

चाळीस वर्षांपूर्वी लिमातल्या महागड्या हॉटेलांत फ्रेंच जेवणच प्रतिष्ठेचे मानले जाई. गास्तोन आकुरियो हा शेफ पॅरिसहून शिकून आला आणि 1994 मध्ये त्याने सुरू केलेले रेस्तराँही आधी फ्रेंचच होते. नंतर तो देशी मिरची, देशी बटाटा आणि कोळ्यांच्या सेविचेकडे वळला. 2008 पासून लिमामध्ये ‘मिस्तुरा’ हा खाद्यमहोत्सव भरू लागला. त्यात नामवंत शेफच्या शेजारी रस्त्यावरचे विक्रेते होते, आणि डोंगरातून आपला माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांसाठी खास बाजार होता. सरकारने देशाच्या जाहिरातीत जेवणाला पुढे ठेवले. 2023 मध्ये लिमातले ‘सेंट्रल’ जगातील सर्वोत्तम रेस्तराँ ठरले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेविचेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. या सगळ्यात मानसन्मानापेक्षा मिस्तुराचा तो बाजार आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे स्वयंपाकी आणि पिकवणारा एकमेकांना नावाने ओळखू लागले.

सातपुड्याच्या ताटात काय आहे?

ज्वारी-मक्याची भाकरी, उडदाची डाळ, मोहाची फुले, रानभाज्या, आमचूर. मोलगी परिसरातली भगर इतरत्र उपवासाला खातात. इथे ती रोजच्या पोटाची आहे. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. धडगाव तालुक्यात ‘बाएफ’ संस्थेच्या मदतीने आदिवासी शेतकऱ्यांनी मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली. म्हणजे सामग्री आहे, जाणकारही आहेत. नाही ते ताट. पुण्यात शेवभाजी आणि वांग्याच्या भरितामुळे ‘खानदेशी’ पाटी चालते, पण त्या पाटीत भिल्ल, पावरा, मावची घरांतली चूल क्वचितच असते. वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांतून बचत गटांच्या महिलांना शहरी गिऱ्हाईक भेटते खरे, पण मांडव उठला की संबंध संपतो.

म्हणजे पेरूचाच कित्ता गिरवायचा का?

डोळे मिटून नको. 2013 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी किनोआ या अँडीजमधल्या धान्याचे म्हणून साजरे केले. श्रीमंत देशांत मागणी वाढली, भाव काही पटींनी चढले. मग इतर देशांतही लागवड झाली, पेरूनेही किनारपट्टीवर मोठे मळे लावले आणि 2015 मध्ये भाव कोसळले. डोंगरातल्या लहान शेतकऱ्याला चढता भाव मिळाला तसा पडताही सोसावा लागला. 2023 हे भरडधान्यांचे वर्ष भारताच्या पुढाकाराने पार पडले; त्यानंतर शहरात भगरीच्या पाकिटाची किंमत वाढली असेल, पण मोलगीच्या बाजारात भगर विकणाऱ्या बाईच्या हाती काय पडले, हे कोणी मोजावे ही अपेक्षा वावगी नाही.

मिरचीचेही तेच. नंदुरबारच्या बाजार समितीत शेतकरी ओली लाल मिरची विकून मोकळा होतो. पुढे ती शहराभोवतीच्या पथारींवर वाळते आणि मजूर स्त्रिया तिचे देठ काढतात. नंतर तिची पूड होते आणि पाकिटावर कंपनीचे नाव येते, नंदुरबारचे येतेच असे नाही. या बहुतेक पथारी आजही उघड्यावर आहेत. ऐन हिवाळ्यात आभाळ भरून आले की ताडपत्री घेऊन धावणे, एवढाच उपाय तिथे उरतो.