शंभर मीटरची हद्द

गेल्या पंधरवड्यात एकाच परिपत्रकाच्या प्रती नाशिक, नंदुरबार, लातूर, कोल्हापूर अशा चहूकडून कार्यालयात आल्या. कंपनीचे नाव छापत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच मजकूर इतरत्रही फिरतो आहे. औषध कंपनीच्या प्रतिनिधींना हुकूम असा: डॉक्टरच्या टॅग केलेल्या लोकेशनपासून शंभर मीटरच्या आत उभे राहून भरलेला कॉलच (डॉक्टरची भेट) डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या कामाच्या अहवालात, धरला जाईल. कॉल अ‍ॅव्हरेज भरला नाही तर अर्धा दिवस बिनपगारी. रात्री अकराला डीसीआर बंद.

हा नियम लिहिणाऱ्याने अलीकडे एक आठवडाही फील्डमध्ये काढलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात लोकेशन टॅग झाली कशी, ते आठवा. मॅनेजरचा तगादा होता, महिनाअखेर होती, अख्खी लिस्ट चार दिवसांत उरकायची होती. कुणी पार्किंगमधून टॅग केले, कुणी समोरच्या केमिस्टच्या काउंटरवरून. काही डॉक्टरांनी त्यानंतर दवाखाना हलवला. आज शंभर मीटर मोजले जातात ते त्या घाईतल्या खुणेपासून. दुरुस्ती हवी तर विनंती एरिया मॅनेजरकडे, तिथून रिजनलकडे, तिथून हेड ऑफिसच्या आयटी विभागाकडे. ती मंजूर होईपर्यंत, समोर बसून बोललेला डॉक्टरही यादीत ‘मिस्ड’.

व्हिजिटिंग कन्सल्टंटचे दुखणे तर परिपत्रकासोबत आलेल्या प्रत्येक पत्रात आहे. नाशिकचा ऑर्थोपेडिक सर्जन मंगळवारी सिन्नरला आणि शुक्रवारी निफाडला ओपीडी करतो. नाशिकच्या हॉस्पिटलात तो दारातल्या दारात बोलतो, सिन्नरला ओपीडी संपल्यावर पाच मिनिटे शांतपणे ऐकून घेतो. जाणता प्रतिनिधी त्याला सिन्नरलाच गाठणार. पण अ‍ॅपमध्ये एका डॉक्टरला एकच जागा. म्हणून एका वाचकाने सिन्नरचा कॉल करून, संध्याकाळी नाशिकच्या हॉस्पिटलच्या गेटबाहेर उभे राहून बटण दाबले. डॉक्टर तेव्हा आत नव्हतेच. खरी भेट नोंदीत नाही आणि नोंदलेली भेट झालेली नाही. या आकड्यांवर पुढच्या तिमाहीचे प्लॅनिंग होणार आहे.

तळघरातल्या ओपीडीचेही तेच. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. काँक्रीटखाली उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. मग फोन टॉवर आणि वायफायवरून अंदाज बांधतो, आणि तो शेकडो मीटर चुकू शकतो. सुरगाणा, मोखाडा, धडगाव, अक्कलकुवा या भागांत नेट नाही म्हणून कॉल नाकारले जातात, ते तर अज्ञानच आहे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. जागा आणि वेळ फोनमध्ये साठवून, रेंज आल्यावर पाठवणे कोणत्याही बऱ्या अ‍ॅपला जमते. ते केलेले नाही, कारण मागणाऱ्याने मागितले नाही.

आमचा विरोध फोनला नाही. उलट फोनकडून जे काम घ्यायला हवे ते घेतलेच जात नाही, ही आमची तक्रार आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही काय करता? स्टॉकिस्टकडून व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटमेंट मागवता, आणि त्यातले ओपनिंग, सेल, क्लोजिंग ओळीओळीने अ‍ॅपमध्ये हाताने भरता. जी माहिती स्टॉकिस्टच्या संगणकात तयार आहे, ती प्रतिनिधीने रात्री जागून पुन्हा टाइप करायची. हे काम कंपनीने सॉफ्टवेअरला दिले, तर प्रत्येकाच्या दोन-तीन रात्री वाचतील आणि सेकंडरीचा (स्टॉकिस्टकडून केमिस्टला झालेल्या विक्रीचा) आकडाही खरा मिळेल. डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरण्यापूर्वी शेजारच्या केमिस्टकडे आपला ब्रँड आहे का, मागच्या कॉलला डॉक्टरने काय शंका विचारली होती, कोणते सॅम्पल दिले होते, हे फोनने सांगावे. प्रिस्क्रिप्शन त्याने वाढते. गेटवर दाबलेल्या बटणाने वाढत नाही.

आता आपल्याच काही मित्रांना सुनवायचे आहे. फेक लोकेशनचे अ‍ॅप टाकून घरबसल्या डीसीआर भरणारे प्रत्येक हेडक्वार्टरला एक-दोन आहेत, आणि ते कोण हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसावर पहारा बसतो, आणि बोलणी करायला गेलेल्या पदाधिकाऱ्याच्या तोंडावर व्यवस्थापन हेच स्क्रीनशॉट फेकते. अशांची बाजू हे मासिक घेणार नाही.

पण पहाऱ्यालाही मर्यादा हवी. काही अ‍ॅप दिवसभरच नव्हे, रात्रीही लोकेशन घेत राहतात. आपल्या महिला सहकारी संध्याकाळी कुठे आहेत हे मॅनेजरच्या स्क्रीनवर दिसत राहणे आम्हाला मान्य नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायची सवलत त्यात मालकाला आहे, हे खरे. रात्री दहाला घरी असलेल्या माणसाचे लोकेशन हे नोकरीचे कारण होत नाही. आपला 1976 चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहितांत विलीन झाला, तेव्हापासून ‘आता काही संरक्षण उरले नाही’ असे मॅनेजर मीटिंगमध्ये सांगत फिरतात. ते चूक आहे. औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत सेल्स प्रमोशन कर्मचारी आहेत. पगार, कामाचे तास, रजा अशा सेवाशर्तींत बदल करायचा तर 21 दिवसांच्या नोटिशीची तरतूदही आहे. अर्ध्या दिवसाचा पगार ग्रुपवर मेसेज टाकून कापता येत नाही.

तेव्हा मित्रहो, ग्रुपवर अंगठा दाखवून गप्प बसू नका. पगार कापल्याचा आदेश लेखी मागा. चुकीचे टॅग, नाकारलेले कॉल, नेट नसलेली गावे यांची तारीखवार यादी करा आणि ती ई-मेलनेच वर पाठवा. फोनवर बोलून झालेल्या तक्रारीचा पुरावा राहत नाही. त्या ई-मेलची प्रत आम्हाला द्या. डॉक्टर, कंपनी आणि तुमचे नाव आम्ही छापणार नाही. प्रत्येक जिल्ह्यातून यादी आली, तर पुढच्या अंकात ती नावे वगळून जशीच्या तशी छापू आणि अंक प्रत्येक कंपनीच्या सेल्स हेडकडे स्पीड पोस्टाने पाठवू. याद्या 20 तारखेच्या आत पोचायला हव्यात.