प्राणेशाचार्यांचे मन आणि चंद्रीचे काम

पात्राचे मन उकलून दाखविले की समीक्षा संपली, अशी बूर्झ्वा समीक्षकांची दृढ श्रद्धा आहे. ते मन कोणाचे, आणि ते उकलले जात असताना काम कोण करीत आहे, हे विचारणे त्यांना असाहित्यिक वाटते.

यू. आर. अनंतमूर्ती यांची 'संस्कार' (१९६५) ही कन्नड कादंबरी घ्या. आचारभ्रष्ट ब्राह्मण नारणप्पा प्लेगने मरतो. त्याला अग्नी कोणी द्यायचा, यावर अग्रहार अडून बसतो. प्राणेशाचार्य पोथ्या चाळतात, मारुतीकडे कौल मागतात. प्रेत कुजत राहते. गेली साठ वर्षे चर्चा चालली आहे ती आचार्यांच्या आत्मिक द्वंद्वाची. परंतु त्याच कादंबरीत नारणप्पासोबत राहणारी चंद्री, मासळीचा व्यापारी अहमद बारी याच्या मदतीने, रात्रीत ते प्रेत जाळून मोकळी होते! धर्मशास्त्राला न सुटलेला प्रश्न बहिष्कृत स्त्री आणि एक मुसलमान मिळून सोडवितात. पलीकडच्या अस्पृश्य वस्तीत मृतांना झोपडीसकट अग्नी दिला जातो. समीक्षकांच्या लेखी हे सारे काय? वातावरणनिर्मिती! अर्थात लेखकही निर्दोष नाही. त्याने बेळ्ळीला शरीर दिले, मन दिले नाही.

प्रस्थापितांच्या या साहित्यदृष्टीला आव्हान देत १९७९ साली बंगळूर येथे बंडाय साहित्य संघटना उभी राहिली. त्याच पिढीतील देवनूर महादेव यांच्या 'ओडलाळ'मध्ये साकव्वा ही दलित म्हातारी हरवलेला कोंबडा शोधीत फिरते, आणि तिचे कुटुंब चोरून आणलेले पोतेभर भुईमूग एका रात्रीत फस्त करते. सुखवस्तू वाचक येथे ताबडतोब 'करुण रस' अशी चिठ्ठी डकवितो. वास्तविक ती रात्र मेजवानीची आहे, हास्याची आहे. करुणा वाचकाची, ती त्याने परस्पर पात्रांच्या माथी मारलेली असते. भुकेल्यांचा आनंद त्याला पेलवत नाही.

आपल्यातीलही काही कॉम्रेड प्राणेशाचार्यांवर 'सरंजामी' असा शिक्का मारून पुस्तक मिटतात. त्यांनी एंगल्सचे १८८८ सालचे मार्गारेट हार्कनेस यांना लिहिलेले पत्र पुन्हा वाचावे. बाल्झाक राजनिष्ठ होता. तरीही त्याच्या कादंबऱ्यांतून फ्रेंच समाजाविषयी आपण त्या काळच्या सर्व व्यावसायिक इतिहासकारांहून आणि अर्थशास्त्रज्ञांहून अधिक शिकलो, असे एंगल्स तेथे सांगतात. तेवढे शिकण्यासाठी त्यांनी बाल्झाक शेवटच्या पानापर्यंत वाचला होता.