चिखलवाटेचे बूट

पावसाळा लागला की आमच्या आनंदनगरात पहाटे दोन प्रकारची माणसे रस्त्यावर दिसतात. एक, पहिल्या पाळीला एमआयडीसीत निघालेले कामगार. आणि दुसरी, पोलीस भरतीसाठी धावणारी आपली मुले-मुली. डांबरी रस्त्यावर टँकर आणि ट्रक यांची वर्दळ, म्हणून ही मुले चिखलोली धरणाच्या बाजूच्या नाहीतर टावलीच्या डोंगराच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा धरतात. उन्हाळ्यात ते ठीक असते. पावसात त्याच वाटांवर घोट्याएवढा चिखल होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारची एक मुलगी अशाच वाटेवर घसरली. घोटा मुरगळला आणि सहा आठवडे सराव बंद पडला. वडील कंत्राटी कामगार. ते म्हणाले, “भाऊ, बूट तर नवेच होते. पोरीच्या पायातच जोर नाही.” आम्ही तो बूट हातात घेऊन उलटा केला. वरून झकपक, पण तळ जेवणाच्या ताटासारखा गुळगुळीत. आम्ही म्हटले, “दादा, पोरीच्या पायात जोर आहे. बुटाच्या तळाला दात नाहीत.”

खरे सांगायचे तर यात दोष आमचाही होता. “महाग बूट कशाला? आम्ही अनवाणी शाळेत गेलो,” असे त्या घरात बसून आम्हीच बोललो होतो. अशा वेळी आपण मोठ्यांचे दाखले देतो. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, हे खरे. पण त्याच बिकिलाने १९६४ साली टोकियोत बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळवले, आणि रोमपेक्षा तीन मिनिटे कमी वेळात, हे आपण सांगत नाही. बारामतीच्या शर्यतीत लता भगवान करे लुगडे नेसून अनवाणी धावल्या, त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही आला. त्या धावल्या त्या पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून. ती गरज होती. गरजेला आपण नियम करू नये.

२०२४ साली राज्यातील सतरा हजारांहून अधिक पोलीस पदांची मैदानी चाचणी १९ जूनला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. शिपाई पदाच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण होते. राज्य राखीव पोलीस दलासाठी तर ५ किलोमीटर धावावे लागते. तेव्हा पावसातला सराव चुकत नाही. मग बूट कसा निवडावा?

प्रथम तळ पाहावा. चिखलासाठी तळाला चार ते सहा मिलिमीटर उंच रबरी दात हवेत, आणि दोन दातांमध्ये मोकळी जागा हवी. दात दाट असले तर चिकण माती मध्ये अडकते, तळ पुन्हा सपाट होतो आणि प्रत्येक पावलाला मातीचे ओझे उचलावे लागते. इंग्लंडच्या डोंगरांत चिखलातून धावण्याच्या शर्यती जुन्या आहेत. तिथले बूट याच तत्त्वावर बनतात. फुटबॉलचे स्टड हा त्यावर उपाय नव्हे. त्यांचे मोजके कडक खुंट कठीण जमिनीवर तळपायाला टोचतात. वडिलांना कंपनीतून मिळालेले सेफ्टी बूट घालून तर कोणीही धावू नये. ते बोटे चेंगरू नयेत म्हणून असतात, लांब पल्ल्यासाठी नव्हे.

दुसरे, बुटाचे कापड. ‘वॉटरप्रूफ’ शब्दाला भुलू नये. आपल्या पावसात पाणी वरून, घोट्याकडूनच आत शिरते आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचे कापड बरे. पाणी आले तसे निघूनही जाते.

तिसरे, माप. लांब धावल्यावर पाय सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. धावताना वापरायचे मोजे घालून उभे राहावे; सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, टाच मात्र घट्ट बसावी. टाच सैल असली तर चिखल बूट ओढून घेतो. सुती मोजे पाणी धरून फोड आणतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे घ्यावेत.

आता हिशेब. रोज ८ किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस धरले तर महिन्याला सुमारे २०० किलोमीटर होतात. धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतो, म्हणजे अडीच ते चार महिने. दातांचा बूट डांबरावर पळवला तर दात लवकर झिजतात. म्हणून तो चिखलासाठीच राखावा. डांबरावर जुना साधा जोड चालेल. चाचणीच्या दिवशी कोणते बूट चालतात हे जाहिरातीतील सूचना वाचून ठरवावे, आणि कोरा बूट त्या दिवशी प्रथमच घालू नये.

घरी आल्यावर बूट धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. चिकटवलेला तळ सुटतो. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून धावू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमेतून शिरतात. पाण्यातून गेल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या तर दवाखान्यात जावे आणि पाण्यातून गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. मुलासाठी बूट घेताना आपण त्याला दुकानात नेतो. मुलीला मात्र भावाचा जुना जोड देतो किंवा अंदाजाने माप आणतो. आमच्या शेजाऱ्यांनी या वर्षी तसे केले नाही. बोनसमधले पैसे बाजूला ठेवले आणि मुलीला घेऊन संध्याकाळी दुकान गाठले. तिने चार जोड घालून पाहिले, दुकानाच्या आत-बाहेर चकरा मारल्या, दुकानदार कंटाळला तरी वडील गप्प उभे राहिले. आता पहाटे ती पुन्हा धरणाकडे जाताना दिसते. वडील पहिल्या पाळीला जाताना कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालतात.