फोटो आधी मोजा, मग पुसा



गेल्या आठवड्यात स्वाध्याय संपल्यावर आम्ही दोघीतिघी मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. त्यातल्या एकीने पर्समधून जुना डिजिटल कॅमेरा काढला आणि म्हणाली, "काकू, यातले फोटो कॉम्प्युटरवर येतच नाहीत. मुलगा म्हणतो, कार्ड फॉरमॅट कर, मोकळं होईल." मी तिचा हातच धरला. फॉरमॅट हा शब्द ऐकला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. का येतो ते आधी सांगते, मग फोटो उतरवायचे कसे ते.

२०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेलो होतो. बारा वर्षांनी येणारा योग. थोरली बहीण, आमची आक्का, सोबत होती. तिचं वय बहात्तर, गुडघे दुखरे. विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या, त्या अनवाणी चढायच्या. डोली करू म्हटलं तर ऐकेना. दर पंचवीस पायऱ्यांनी बसायची, 'चला' म्हणून परत उठायची. सत्तावन्न फुटी बाहुबलींच्या मूर्तीवरून दुधाची पांढरी धार, मग हळदीचा पिवळा रंग, मग चंदनाचा तांबूस रंग उतरताना तिने दोन्ही हात जोडले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मोबाइल होता, पण लांबचं जवळ दिसावं म्हणून मी मुद्दाम कॅमेरा नेला होता. एकूण ३१२ फोटो काढले.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याला वायर लावली आणि कॉम्प्युटरवर सगळे फोटो निवडून 'कट' केले. कार्ड लगेच रिकामं होईल, एक काम वाचेल, असा हिशेब. बॅटरीची एकच काडी उरली होती, ती पाहिली आणि सोडून दिली. गॅसवर दूध होतं, ते बघायला गेले. परत येते तर कॅमेरा बंद. बॅटरी चार्ज करून पुन्हा जोडला, तर पडद्यावर पाटी आली : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? भाच्याला फोन लावला. तो ऑफिसात होता. म्हणाला, "मावशी, यस करून टाका." मी यस केलं.

कार्ड कोरं झालं. कॉम्प्युटरवर चाळीस फोटो पोचले होते. चाळिसाव्यात वर निळं आभाळ आणि खाली अर्धा फोटो करडा.

२०२१ मध्ये आक्का गेली. भाचीने विचारलं, "मावशी, बेळगोळचे फोटो आहेत ना तुझ्याकडे?" मी 'नाहीत गं' म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दोन शब्दांचं ओझं चार वर्षं वागवलं.

मी भाच्याला दोष देत नाही, यस मीच दाबलं. पण तरुण मुलं हा सल्ला फार सहज देतात. त्यांना कार्ड चालू करायचं असतं, आपल्याला त्यातलं हवं असतं. ही दोन कामं वेगळी आहेत, हे आपणच त्यांना ठणकावून सांगायला हवं. ती पाटी आली की 'कॅन्सल' करायचं, कार्ड बाहेर काढायचं आणि दुसऱ्या रीडरमध्ये किंवा परत कॅमेऱ्यात घालून बघायचं. बऱ्याचदा कार्ड चांगलं असतं आणि रीडरच ढिला असतो.

आता त्या मैत्रिणीच्या कॅमेऱ्याकडे येते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. मी आधी वायर पाहिली. ती कॅमेऱ्याबरोबर आलेली नव्हती, घरातल्या कुठल्याशा स्पीकरची होती. काही वायरींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. कॅमेऱ्याचा दिवा लागतो, आपल्याला वाटतं जोडला गेला, आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसतो. दुसरी वायर लावली. कॅमेरा फोटो बघण्याच्या मोडवर ठेवून सुरू केला. (बंद कॅमेरा जोडून कॉम्प्युटरला नावं ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मीही त्यातलीच होते.) हबमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात घातला. तरी काही नाही. त्या भोकाची चूक की कॅमेऱ्याची, यात मी वेळ घालवत नाही. सरळ कार्ड बाहेर काढलं.

माझं मत स्पष्ट आहे, वायरीच्या नादी लागूच नये. कार्ड रीडर दोनतीनशे रुपयांत मिळतो. त्याला कॅमेऱ्याची बॅटरी लागत नाही, म्हणजे मध्येच बंद पडायची भीती नाही. एकच बघा, रीडर फार जुना असेल तर तो नवी मोठी कार्डं ओळखत नाही.

आणि कार्ड घालण्याआधी त्याच्या कडेला बोटाने चाचपून बघा. एसडी कार्डाला डाव्या बाजूला एक इवलीशी पट्टी असते, ती खाली सरकवली की कार्डाला कुलूप लागतं. कुलूप असताना फोटो वाचता येतात, पण पुसता येत नाहीत आणि चुकून फॉरमॅटही होत नाही. मला हे २०१८ ला कोणी सांगितलं असतं तर! आता मी कुलूप लावल्याशिवाय कार्ड कॉम्प्युटरला दाखवतच नाही.

मग 'कॉपी'. 'कट' नाही, कधीच नाही. विंडोजचा जो फोटो आयात करणारा प्रोग्रॅम आहे, त्यात 'आयात झाल्यावर मूळ फोटो पुसा' अशी एक चौकट असते, तिथली खूण काढून टाका. आणखी एक खड्डा म्हणजे फोटोंची नावं. कॅमेरा नावाऐवजी नंबर देतो आणि ९९९९ नंतर पुन्हा एकपासून सुरू करतो. घरात दोन कॅमेरे असले तर एकाच नंबराचे दोन वेगळे फोटो असू शकतात. एकाच फोल्डरमध्ये कोंबलेत तर कॉम्प्युटर विचारतो, जुन्याच्या जागी नवा ठेवू का? घाईत हो म्हटलंत की जुना गेला. म्हणून प्रत्येक वेळी नवं फोल्डर, त्यावर तारीख आणि प्रसंग : '२०१८ फेब्रुवारी बेळगोळ'. फोटोवरच्या तारखेवर विसंबू नका. कॅमेरा बरेच दिवस बॅटरीशिवाय पडून राहिला की त्याचं घड्याळ मागे जातं, आणि नातवाचं बारसं त्याच्या बापाच्या लग्नाआधी दिसतं.

आता माझ्या विषयाकडे. मी बी.कॉम. झाले १९८१ ला. नोकरी केली नाही, पण घरचा जमाखर्च आजही लिहिते आणि महिनाअखेर बँकेच्या पासबुकाशी ताळा घेते. फोटोंचंही तेच. कार्डावरच्या फोल्डरवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडायचं, फाइल किती आणि एकूण बाइट किती ते कागदावर लिहायचं. मग कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचे आकडे घ्यायचे. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, एक फाइल इकडेतिकडे चालणार नाही. पण कॉलेजात आमचे सर सांगायचे की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे वही निर्दोष झाली असं समजू नका, नोंदच राहून गेली असेल तरी तो जुळतो. म्हणून पहिले काही, मधले काही आणि शेवटचे काही फोटो उघडून मोठे करून बघायचे, अर्धे करडे तर नाहीत ना. मग दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर. 'सेफली रिमूव्ह' करून काढायची, ओढून नाही. यानंतर कार्ड मोकळं करायचं, तेही कॅमेऱ्यातून. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवले आहेत, ही प्रत धरू नका. तिथे साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला. आमच्याच गटातल्या एका ताईंनी मला ऐकवलं, "इतके फोटो सांभाळायचे म्हणजे परिग्रहच की." त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. एकाच अभिषेकाचे सत्तर फोटो ठेवणं हा परिग्रहच आहे, आणि म्हणून उतरवल्यावर मी बसून निवडते आणि बाकीचे स्वतः पुसते. बेळगोळचे मी साठ ठेवलेत. पण त्याग समजून-उमजून करायचा असतो. माझे ३१२ फोटो बॅटरीची एक काडी आणि उतू जाणारं दूध यांनी नेले. त्याला त्याग म्हणायचं तर पाकीट मारलं गेल्यावर दान केलं म्हणावं लागेल.

हो, साठ ठेवलेत. परत मिळाले ते. फॉरमॅट झाल्यावर मी रुसून ते कार्ड कुंकवाच्या जुन्या डबीत टाकलं होतं आणि नंतर मोबाइलच वापरत राहिले, म्हणून त्यावर नवं काही लिहिलं गेलं नाही. तेवढ्यानेच वाचले. अशा फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवर पडून असतात, त्यांच्यावर दुसरं काही येईपर्यंत. गेल्या वर्षी शेजारच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीने हे सांगितलं. आधी एका दुकानात विचारलं होतं, ते म्हणाले कार्ड ठेवून जा. घरच्या बायकांचे फोटो असे कुठेही ठेवून जायचे नाहीत, म्हणून आणलं परत. मग आम्ही दोघींनी फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. फुकट आहे. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, बघून घाबरायला होतं, पण विचारतो एवढंच : कुठून शोधू आणि कुठे ठेवू. ठेवायची जागा कॉम्प्युटरवरची द्यायची, त्याच कार्डावरची कधीही नाही.

दीड तास लागला. नावं सगळी गेली होती, क्रम विस्कटला होता, तेवीस फोटो फुटके निघाले. पण बाकीचे आले. आणि मी तिथेच डोंगरावर 'खराब आला' म्हणून पुसलेला एक फोटोही आला. आक्का पायरीवर बसली आहे, डोळे मिटलेले, तोंड उघडं, मोठ्याने हसते आहे. भाचीने तोच मोठा करून लावला आहे.

घरातल्या मुलाला, जावयाला जरूर विचारा, पण त्यांच्या हातात कार्ड देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. डब्यात डाळ किती आहे हे आपण दुसऱ्याला मोजायला लावत नाही. फोटोत कोण आहे, कुठला प्रसंग आहे, कोणता हरवला तर चालणार नाही, हे त्यांना माहीत नसतं.

आणि त्या मैत्रिणीचं काय झालं? रीडरमध्ये कार्ड लगेच दिसलं. तिने डीसीआयएम हे फोल्डर कॉपी केलं, आम्ही आकडे लिहिले : ८४६ आणि ८४६. बाइटही जुळले. ती खूश होऊन पुसायला निघाली, तेवढ्यात म्हणाली, "पण यात सासूबाईंचा व्हिडिओ कुठे दिसला नाही." त्या पुरणपोळी लाटताना बोलत होत्या, तो. काही कॅमेरे व्हिडिओ वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवतात. कार्डावर 'प्रायव्हेट' नावाचं एक फोल्डर होतं, त्याच्या आत आणखी तीन फोल्डर उघडली तेव्हा सापडला. मग आम्ही अख्खं कार्डच पुन्हा पहिल्यापासून कॉपी केलं. व्हिडिओ तिच्या कॉम्प्युटरवर चालेना म्हणून व्हीएलसी टाकून दिलं. चार मिनिटांचा आहे. सासूबाई सांगताहेत, कणीक सैलच हवी, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या होताहेत.