दोष बायोडिझेलचा नव्हे, बनावट मालाचा

"बायोडिझेल टाकलं की इंजिन गेलंच समजा," हे वाक्य सोलापुरात पुणे-हैदराबाद महामार्गालगतच्या गॅरेजांत हमखास ऐकू येतं. पुरावाही तयार असतो. कापून उघडलेला डिझेल फिल्टर, त्याच्या कागदी घड्यांत चिकटलेला काळा राप, शेजारी जाम झालेला इंजेक्टर. पुरावा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा.

रस्त्याकडेला चार पैसे स्वस्त मिळतं म्हणून टाकीत ओततात ते बहुतेकदा बायोडिझेल नसतंच. ते औद्योगिक तेलांचं मिश्रण असतं, नाहीतर ग्लिसरीन आणि मिथेनॉल नीट न काढलेलं कच्चं रसायन. केंद्राच्या 30 एप्रिल 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बायोडिझेल विकायचं ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, तेही आयएस 15607 या मानकात बसणारं. मानकाबाहेरच्या मालाने नोझल गेला, तर त्याचं पाप बायोडिझेलच्या माथी का?

अस्सल मालाचेही त्रास आहेत, ते झाकू नयेत. बायोडिझेल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून मिश्रणाचं प्रमाण जास्त असेल तर सुरुवातीला फिल्टर तुंबतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील फुगतात, व्हिटॉन रबराचे टिकतात. बायोडिझेल पाणी धरतं, आणि उन्हात लवकर खराब होतं. थंडीत इंधन घट्ट होण्याची युरोपची अडचण सोलापूरला नाही. इथे काळजी मे महिन्याची, महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या टाकीची.

पण फायद्याचं कुणी बोलतच नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएमवर आलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणगुणही जातो, आणि इंजेक्शन पंपाला वंगण मिळतं ते डिझेलकडूनच. एक-दोन टक्के बायोडिझेल ती उणीव भरून काढतं. युरोपात साध्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत मुभा आहे. इंडोनेशियाने 2025 मध्ये चाळीस टक्के गाठायला घेतले. आपलं 2018 चं जैवइंधन धोरण 2030 पर्यंत फक्त पाच टक्के मागतं, आणि त्यासाठी इंजिनात काहीही बदलावं लागत नाही.

बायोडिझेल बनवायला तेल कुठून आणायचं? करडईचं तेल ताटातच राहू द्या. हॉटेलांच्या कढयांत पुन्हा पुन्हा तापलेलं तेल गोळा करा; पंचवीस टक्क्यांहून जास्त ध्रुवीय संयुगं असलेलं तेल खाण्यात वापरायला 2018 पासून मनाई आहेच. आणि पुरवठा विभागाने रस्त्याकडेच्या टाक्यांतले नमुने तपासून अहवाल तिथेच, ट्रकवाल्याला वाचता येईल असा लावावा.