घरचें आरोग्य : फॉलिक आम्लाची वेळ

सुनेस दिवस राहिले तरी तीन महिने भरेपर्यंत ती गोष्ट चारचौघांत बोलूं नये, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्याच्या बऱ्यावाईटाचा विचार आम्ही येथें करीत नाहीं. परंतु बातमी उघड झाल्यावरच औषधपाण्याकडे पाहण्याची जी संवय त्यामुळें जडली आहे, ती मात्र हानिकारक होय. कारण फॉलिक आम्ल या 'ब' वर्गांतील जीवनसत्त्वाची खरी निकड तोंवर टळून गेलेली असते.

गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारें २८ दिवसांतच मिटते. ती नीट न मिटल्यास मूल पंगु होण्याचा किंवा न जगण्याचाही संभव असतो. फॉलिक आम्लानें हा धोका पुष्कळ कमी होतो, हें १९९१ सालीं ब्रिटिश संशोधकांनीं दाखवून दिलें. म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीनें निदान एक महिना अगोदरपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावें व पहिले १२ आठवडे तें चालू ठेवावें. पालेभाज्या व कडधान्यें यांत हें सत्त्व असतें खरें. परंतु शिजवतांना त्याचा बराच नाश होतो, म्हणून या काळांत केवळ आहारावर विसंबूं नये. पूर्वीं सदोष मूल झालेल्या, मधुमेही अथवा अपस्माराचीं औषधें घेणाऱ्या स्त्रियांस अधिक प्रमाण लागूं शकतें. तें डॉक्टरांनींच ठरवावें. बाजारांत ५ मिलिग्रॅमच्याही गोळ्या मिळतात. त्या वरील प्रमाणाच्या साडेबारापट होत, हें ध्यानांत असावें.

या सत्त्वाचा शोध आपल्या मुंबईशीं निगडित आहे. १९२८ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषींनीं तेथील गिरणी-कामकरी स्त्रियांना गर्भारपणीं होणाऱ्या पंडुरोगाचा अभ्यास केला. तो यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें त्यांनीं १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच हें सत्त्व.

तथापि रक्तास हितकर म्हणून घरांतील वडील माणसांनीं सुनेच्या डबींतील गोळी घेऊं नये. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची उणीव वारंवार आढळते. अशा वेळीं फॉलिक आम्लानें रक्त सुधारलेलें दिसतें. परंतु मज्जातंतूंची हानी आंतल्या आंत चालूच राहते. पायांस मुंग्या येणें, तोल जाणें, विस्मरण होणें हीं चिन्हें केवळ वार्धक्याचीं समजूं नयेत. आधीं रक्त तपासून ब-१२ चें प्रमाण पाहावें. गोळीचा विचार त्यानंतर.